कर्ण्याच्या आठवणीतली तबकडी

फिर्याद देणार : ठकूबाई मारुती नवले, वय सुमारे पंचावन्न, धंदा शेती व घरकाम, राहणार मौजे बेलापूर.

जाब देणार : सोपान भागुजी दुशिंग ऊर्फ सोपानअण्णा, वय साठीच्या घरात, धंदा लग्नकार्यात लाउडस्पीकर लावणे, राहणार सदर, फिर्यादीच्या भिंतीस भिंत.

वादाची वस्तू : पत्र्याचा कर्णा एक व गाण्याची तबकडी एक.

प्रसंगाची वेळ : दुष्काळाच्या दुसऱ्या सालचा चैत्र, भर दुपार.

साक्षीदार : गावचा कोतवाल बाळू, खाली सही करणार मी, नारायण गोविंद पाठक, अर्जनवीस, आणि एक कावळा. तिसऱ्या साक्षीदारास वाचकांनी आत्ताच हसू नये. त्याची साक्ष शेवटी येणार आहे.

मी तालुक्याच्या कचेरीसमोर लिंबाखाली टेबल मांडून बसतो. माझे शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत झाले असून ऐन परीक्षेत ताप आला नसता तर आज मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूस असतो. तरीही माझ्या हातचा अर्ज साहेब लोक दोनदा वाचतात, हे कचेरीतील शिपायासही ठाऊक आहे. बांध, वाटणी, पोटगी, हरवलेली म्हैस हे सर्व विषय माझ्या लेखणीखालून गेले. परंतु "मयत बाईचे गाणे हयात सुनेच्या तोंडी आल्याबाबत" असा विषय मी तोवर लिहिला नव्हता.

प्रथम जाब देणाऱ्याची ओळख करून देणे क्रमप्राप्त आहे.

सोपानअण्णांच्या घरी प्रथमच जाणाऱ्याचे डोके एखाद्या गाण्यावर आपटते. आढ्याला, खिडकीच्या गजांना, परसातल्या शेवग्याला त्यांनी तबकड्यांच्या वाट्या करून टांगलेल्या आहेत. कढत पाण्यात तबकडी मऊ पडते. ती पालथ्या पातेल्यावर ठेवली की कडा झालरीसारख्या खाली उतरतात आणि वाटी तयार होते. मधले भोक ते डांबराने बुजवीत. अशा वाट्यांतून चिमण्यांना पाणी ठेवलेले असे. पाण्याच्या तळाशी गाण्याचे नाव स्वच्छ वाचता येई. सबंध तालुका ज्या सिनेमाच्या गाण्यांवर नाचला, त्यांत चिमण्या आंघोळ करीत.

"अण्णा, ही तर याच सालची तबकडी," मी एकदा म्हणालो.

"व्हय."

"मग तिची ही दशा?"

"उतरली ती," अण्णा म्हणाले. "ऐकून घ्या, मग बोला."

"ऐकून घ्या, मग बोला" हे त्यांचे पालुपद होते. कोणती तबकडी टिकेल आणि कोणती उतरेल, हे ठरविण्याची त्यांची स्वतंत्र पद्धत होती. लग्नात नवी तबकडी एकदा वाजवायची. दुसऱ्या दिवशी बरोबर दुपारी, गल्लीत कुत्रेही सावली सोडत नाही अशा वेळी, कर्ण्याच्या निमुळत्या टोकाचा वाजवणारा डबा पिळून काढायचा आणि त्या भोकाला कान लावून बसायचे. वीज नाही, यंत्र नाही, नुसता पत्रा. त्या पत्र्यात गाणे पुन्हा ऐकू आले तर तबकडी टिकली. नाही आले तर चुलीवर पाणी चढले.

"मानूस इसरतंय नाना," ते मला म्हणत. "कर्णा इसरत न्हाई. पर त्याला बी समदंच ध्यानात ठेवावं वाटत न्हाई."

आमच्या शाळेचे हेडमास्तर हे वाचनाचे गृहस्थ. त्यांनी मुंबईहून सोनेरी वेष्टनातील एक लाँगप्ले तबकडी आणविली होती आणि तीस ते 'अभिजात' म्हणत. त्यांनी अण्णांना भर बाजारात विचारले, "काय हो, अलीकडच्या तबकड्यांपैकी उद्याच्या पिढ्या कोणत्या मानतील?"

"म्या कोन सांगनार? कर्ण्याला इचारतो."

"तुमच्या कर्ण्याला शास्त्रीय संगीतातले काय कळते?"

"कायबी न्हाई कळत," अण्णा म्हणाले. "म्हनून तर त्यो खोटं बोलत न्हाई."

अण्णांनी मागून नेऊन लावलेली ती सोनेरी तबकडी कर्ण्यास मुळीच आठवली नाही. अण्णांचा अभिप्राय असा पडला की, "तिच्यात बाई लई गोड गाती, पर तिला घाई हाय. गाडी चुकायची आसल्यावानी." पुण्याकडच्या एका बुवांची अभंगांची तबकडी होती, लग्नात ती कोणी मागत नसे, वरपक्ष तर ती लागताच कपाळाला आठ्या घाली. कर्ण्यास ती सबंध आठवली. अण्णांनी ती जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवली आणि मला म्हणाले, "ही तुमच्या नातवाच्या लग्नात वाजंल. तवा त्यो म्हनंल, आमच्या आज्याची हाय." विलायती ढोलताशांची एक तबकडी आली होती. ती कर्ण्यास दोन दुपारी आठवली नाही, तिसऱ्या दुपारी लांबून एक धून ऐकू आली. "अर्धी टिकंल," असे म्हणून अण्णांनी ती मधल्या फळीवर विचाराधीन ठेवली.

हेडमास्तर पुष्कळ हसले. पुढे काही महिन्यांनी मी त्यांच्या घरी एका अर्जाच्या मसुद्यासाठी गेलो असता त्यांच्या सौभाग्यवतींनी चहाची किटली सोनेरी तबकडीवर आणून ठेवली. हेडमास्तरांनी मसुदा डोळ्यांसमोर धरला आणि मी चहा घेतला.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक होती. चिमण्या, साळुंक्या, ठकूबाईच्या कोंबड्या, सर्व प्राणी त्या वाट्यांतून पाणी पीत. कावळा कधीही त्यांना शिवत नसे. तो शेवग्यावर येई, वाटीत डोकावे, मान तिरपी करी आणि उडून जाई.

"कावळ्याला गान्यातलं कळतंय," एवढेच अण्णा म्हणत आणि वाटीतले पाणी बदलू लागत.

कर्ण्याविषयी ऐकीव माहितीवर लिहिणे माझ्या व्यवसायास शोभणारे नाही. म्हणून एका दुपारी मी स्वतः कान लावला. आरंभी रिकाम्या रांजणात तोंड घातल्यावर येतो तसा हुंकार होता. नंतर तोही बंद झाला. आणि मग त्या पत्र्यात कोणीतरी श्वास घेतला. गाणे नव्हते. गाण्यास प्रारंभ करण्यापूर्वी बाई जेवढा श्वास घेते, तेवढाच. मी कान बाजूस केला.

"आलं का काय?" अण्णांनी विचारले.

"काही नाही."

"मंग कान का काढला?"

मी टोपी उचलून कामाला निघालो.

पुढे दुष्काळ पडला. लग्ने चार माणसांत उरकू लागली, गावातील निम्मी माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली आणि अण्णांचे यंत्र गोणपाटाखाली झाकले गेले. बाजारपेठेकडे तोंड करून असलेला कर्णा त्यांनी उचलला व माडीच्या मागल्या खिडकीत ठेवला. त्याचे तोंड आता ठकूबाईच्या परसाकडे झाले. नवी तबकडी येत नव्हती, तरी अण्णा रोज दुपारी त्या खिडकीशी कान लावून बसतच होते.

चैत्रातील एका सकाळी ठकूबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली. पदराने वारा घेत म्हणाली, "नाना, अर्ज ल्ह्या."

"कोणाविरुद्ध?"

"त्या कर्ण्याविरुद्ध. आन त्याच्या धन्याविरुद्ध."

"काय केले त्याने?"

"माझ्या सुनंत त्याची बायकू घातली."

मी लेखणी खाली ठेवली. ठकूबाईची सून मंजुळा ही प्रवरेपलीकडच्या एका वाडीतली; शांत, खालमानेची मुलगी. नवरा खडीच्या कामावर मुक्कामास, आणि हिला सहावा महिना. ठकूबाईचे म्हणणे असे की, कर्ण्याचे तोंड परसाकडे झाल्यापासून दुपारी जात्यावर बसली की मंजुळेचे डोळे मिटतात आणि ती एक गाणे म्हणते.

"गाणे तर सर्वच बायका म्हणतात."

"ह्ये गानं न्हाई म्हनत. आन त्यो आवाज तिचा न्हाई. सरूचा हाय. धा वर्सं शेजार केला म्या सरूचा, मला कळत न्हाई व्हय?"

सरूबाई म्हणजे सोपानअण्णांची पत्नी. तिला जाऊन आठ-नऊ वर्षे झाली होती. मूलबाळ नव्हते. ती गात असे आणि एकदा तबकडीच्या कंपनीची माणसे नगरला आली असता तिचे गाणे घेऊन गेली होती, इतके मलाही आठवत होते. त्या तबकडीचे पुढे काय झाले, हे कोणी विचारले नव्हते.

"कर्णा तरी उतरवा," ठकूबाई म्हणाली, "न्हाईतर अमुश्याला पोरीला देवऋष्याकडं नेती. त्यो फोकानं झोडून भूत काढतोय."

"सहाव्या महिन्यात फोकाने?"

"मला काय हौस हाय का?" ती म्हणाली. "नातू यायचा हाय नाना. त्यो कुनाचा म्हनून यायचा?"

स्थळपाहणी केल्याविना मी अर्ज लिहीत नाही. त्याच दिवशी दुपारी कोतवाल बाळूस साक्षीस घेऊन मी ठकूबाईच्या परसात उभा राहिलो. वारा नव्हता. तेथल्या शेवग्याचे पानही हलत नव्हते. मंजुळा पडवीत जात्यावर रेशनची तांबडी मिलो ज्वारी दळीत होती. जात्याची घरघर काही वेळ चालली आणि मग तिने डोळे मिटले.

नीज गं वाटे, नीज गं विहिरी,
कोण, कोण येतंय दुपारी...

मूल नसलेल्या बाईने रचलेला तो पाळणा होता. त्यात बाळ नव्हते. ती वाटेला झोपवीत होती, विहिरीला झोपवीत होती, उंबऱ्याला झोपवीत होती. 'कोण' या शब्दावर आवाज अडखळे, पुन्हा 'कोण' म्हणे आणि पुढे जाई. बाळूने हातातली काठी दुसऱ्या हातात घेतली आणि पुन्हा पहिल्या हातात घेतली.

आम्ही, म्हणजे मी, बाळू व ठकूबाई, अण्णांच्या माडीवर चढलो. अण्णा कर्ण्यास कान लावून बसले होते. मांडीवर हिरव्या लुगड्याच्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेले होते. त्यांनी आमच्याकडे न पाहता हात वर करून आम्हांस थांबविले. खाली जाते थांबले, तेव्हा त्यांनी हात खाली घेतला.

"अण्णा, कर्ण्यातून तुम्हांस ऐकू येते ते मंजुळेचे गाणे आहे," मी कायदेशीर स्वरात म्हणालो. "कर्ण्याचे तोंड तिकडे आहे. यात गूढ काही नाही."

"ठावं हाय," अण्णा म्हणाले. "पर तिला कुनी शिकिवलं?"

त्यांनी फडके सोडले. आत लाखेची काळी तबकडी होती. कोपऱ्यातल्या चावीच्या ग्रामोफोनवर त्यांनी ती लावली. तेच गाणे निघाले. तोच आवाज. 'कोण' पाशी सुई उडी मारून मागे येई आणि सरूबाई पुन्हा 'कोण' म्हणे. त्याच जागी, तितक्याच अंतराने. ठकूबाईने पदर डोक्यावर ओढला.

"बगा. मेली तशीच आडखळती," ती पुटपुटली. "आता अमुश्याची वाट बी नगं. बाळू, जा, गाडी जुंप."

ती जिना उतरून गेली आणि तिच्यामागे बाळू. माडीवर आम्ही दोघेच उरलो. तेव्हा अण्णांनी मला जे सांगितले ते मी त्यांच्याच शब्दांत देतो.

"नाना, ही तबकडी म्या लोकांत एकदाच वाजिवली. पल्याडच्या वाडीत, लग्नात. नेमकी पंगत बसली. समदी उठून जेवाया गेली. सरू माझ्यामागं बसल्याली. म्हनली, जेवू द्या की लोकास्नी. दुसऱ्या दुपारी म्या कर्ण्याला कान लावला. कायबी न्हाई. त्याच सालच्या थंडीत सरू गेली. धाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवंना. भाऊबंद म्हनले, तुझ्या म्हशीला संबाळू, शिवंना. तिच्या भाच्याचं लगीन करू म्हनले, शिवंना. ऊन डोक्यावर आलं. मंग मीच पिंडापाशी गेलो आन हळूच म्हनलो, तुझी तबकडी टिकवीन. तवा शिवला."

"आणि ही सुईची उडी?"

"त्याच राती दार लावून लावली. सुई घसारली. चरा पडला. त्यानंतर आजच लावली."

मी वकील नाही, तथापि पुरावा कशास म्हणतात हे जाणतो. चरा पडल्यानंतर ते गाणे बंद दारामागे एकट्या अण्णांनी ऐकले होते. मंजुळा तेव्हा नदीपलीकडे परकर नेसून हिंडत असेल.

आम्ही खाली आलो. गाडी जुंपली जात होती. मंजुळा जात्यापाशीच बसलेली, हात पिठाचे. मी तिची रीतसर तपासणी केली.

"पोरी, हे गाणे कोठे ऐकलेस?"

"आमच्या वाडीत," ती खाली बघत म्हणाली. "लगीन हुतं. समदे जेवाया गेल्ते. मी धाकल्या भावाला घेऊन कर्ण्याखाली बसल्ते. त्यो लई रडत हुता. ह्ये गानं लागलं आन झोपला."

अण्णांनी खांबाला हात लावला.

"एकदाच ऐकलंस?" त्यांनी विचारले.

"एकदाच."

"आन ते दोनदा 'कोन' म्हनतीस, ते?"

मंजुळेने प्रथमच वर पाहिले. तिला प्रश्नच कळला नव्हता. "तसंच हाय की ते, अण्णा."

"ऐकलं? ऐकलं का?" ठकूबाई म्हणाली. "येकदा ऐकून कुनाला येतंय? बस गं गाडीत."

मंजुळा उठली. तिने पोटावर हात धरला होता. बैलांच्या गळ्यातली घुंगरे वाजली. अण्णा माडीवर गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात ती तबकडी होती.

"ठकूवैनी," ते म्हणाले, "वाईच थांबा. चुलीवर पानी हाय का कढत?"

"कशाला?"

"ह्ये गानं सरूचं न्हाई."

ठकूबाईने गाडीवरचा हात काढला.

"घरोघरी म्हनत्यात ह्ये. सरूनं बी कुनाचं तरी ऐकूनच म्हनलं. कंपनीवाल्यास्नी काय, ज्ये गावंल ते घेऊन गेले. तुमच्या आईनं म्हनलं आसंल, माझ्या आईनं म्हनलं. तवा पोरीला आलं तर त्यात भूत कसलं आलंय? पानी द्या. ही तबकडी उतरली."

चुलीवर मिलोच्या कण्यांसाठी आधण ठेवलेले होते. त्यांनी ते परातीत ओतले आणि तबकडी त्यात सोडली. मी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी ते मागे घेतले. तबकडी मऊ पडली. पालथ्या पातेल्यावर त्यांनी ती ठेवली आणि बोटांनी तिच्या कडा एकेक करून खाली उतरवू लागले. बोटे भाजत असली पाहिजेत. इतकी सुबक झालर त्यांनी दुसऱ्या कोणत्याही तबकडीस घातली नव्हती.

अण्णा टिकणारी तबकडी कधी वाकवीत नाहीत, हे ठकूबाईस शेजाराने ठाऊक होते. ती हळूच ओट्यावर बसली. मग म्हणाली, "आता ध्यानात येतंय खरं. आमची आई म्हनायची. कांडताना." आणि खात्री पटविण्यासाठी तिने ती ओळ म्हणून दाखविली. म्हणताना तिने 'कोण' दोनदा म्हटले. ते तिच्या लक्षात आले नाही. माझ्या आले, आणि अण्णांच्याही.

"मंग गाडी सोडा," ती बाळूला म्हणाली. "बैलांना पानी न्हाई आन इथं गाडी जुंपून बसलाय."

अण्णांनी कर्णा आपण होऊन उतरविला व जिन्याखाली तोंड जमिनीकडे करून ठेवला. ठकूबाईने फिर्याद मागे घेतली. तसा कागद मी त्याच ओट्यावर लिहिला आणि त्यात अण्णांच्या सांगण्यावरून "सदर गाणे सर्वांचे असून त्यावर कोणाचाही हक्क नाही" असे वाक्य घातले. दोघांचे अंगठे झाले. अण्णांच्या अंगठ्यास फोड आलेला असल्याने ठसा पुसट उठला.

ती वाटी ठकूबाईनेच मागून घेऊन आपल्या परसातल्या शेवग्याला बांधली. आता तिसऱ्या साक्षीदाराची साक्ष. त्यानंतरच्या एका दुपारी मी अण्णांकडे गेलो असता ते मागल्या दारी नुसते बसले होते. कर्णा नाही, काही नाही. भिंतीपलीकडे जाते फिरत होते आणि मंजुळा वाटेला, विहिरीला, उंबऱ्याला झोपवीत होती. तेवढ्यात कावळा आला. ठकूबाईच्या शेवग्यावर बसला. नव्या वाटीत डोकावला, मान तिरपी केली. जात्यावरचा आवाज म्हणाला, कोण, आणि थांबला, आणि म्हणाला, कोण. कावळ्याने चोच बुडविली व पाणी प्याला. पुन्हा बुडविली, पुन्हा प्याला.

अण्णा उभे राहिले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"शिवला," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "बसा नाना, च्या टाकतो."

सबब सर्व सुज्ञ वाचकांस विनंती की, आपल्या घरी, गावी अथवा सासरमाहेरी हे गाणे कोणी म्हणत असल्यास, म्हणणारी 'कोण' एकदा म्हणते की दोनदा, हे कृपा करून कळवावे. दोनदा म्हणत असल्यास, मी वर उल्लेखिलेल्या कागदातील ते वाक्य रद्द समजण्यात यावे आणि सदर गाणे मयत सरूबाई सोपान दुशिंग, राहणार मौजे बेलापूर, हिचे असून ते टिकले आहे, अशी नोंद व्हावी. सोपानअण्णा स्वतः असा अर्ज करणार नाहीत. त्यांनी अंगठा देऊन ठेवलेला आहे. म्हणून सही माझी. उत्तर लवकर मिळावे, ही विनंती.

नारायण गोविंद पाठक,
अर्जनवीस, मौजे बेलापूर